जमिनीखालचा चौक

"आपल्यात जाळतात गं, पुरत नाहीत. मी नाही खाली यायची."

आईनं हे मंडईच्या मेट्रो स्टेशनच्या दारात उभं राहून सांगितलं, तेही एवढ्या खणखणीत आवाजात की पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत असलेला एक माणूस थबकला आणि हसला. आईला त्याच्या हसण्याचं कारण कळलं नाही. तिचा मुद्दा गंभीर होता.

ती एकोणऐंशी वर्षांची आहे. माहेर नारायण पेठ, सासर शुक्रवार पेठ. म्हणजे सगळा जन्म एका दीड-दोन किलोमीटरच्या तुकड्यात गेला. बाबा गेल्यापासून घराच्या कागदांसाठी शिवाजीनगर कोर्टाकडे वकिलांकडे खेपा चालू आहेत. रिक्षानं शिवाजी रस्त्यावरून जायचं म्हणजे तासभर धूर खायचा आणि वर सुट्ट्या पैशांवरून वाद. मी तिला आठवडाभर समजावत होते की मेट्रोनं मध्ये एकच स्टेशन आहे, कसबा पेठ, की लगेच सिव्हिल कोर्ट. (फलकावर 'जिल्हा न्यायालय' आहे. बोलताना कोणी तसं म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही.) हा स्वारगेटपर्यंतचा टप्पा सुरू झाला २९ सप्टेंबर २०२४ला. आई त्यानंतर कितीतरी वेळा या दारावरून भाजी घेऊन गेली, पण आत डोकावली नव्हती.

आत शिरण्याआधी तिनं पहिली खोट काढली. "खाली जायचंय ना? मग हे वर कशाला चढवतायत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. भुयारी स्टेशनच्या दाराशी आधी थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात, मग उतरायचं. आपण त्या रोज चढतो आणि का चढतो हे कधी विचारत नाही. मी तिला म्हटलं, "अगं, पाण्यासाठी. रस्त्यावर पाणी तुंबलं तर ते जिन्यावरून सरळ खाली जाऊ नये म्हणून दार उंचावर बांधतात."

"म्हणजे जोतं."

"हो. जोतंच."

तिनं त्या पायऱ्यांकडे नव्यानं पाहिलं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्यानं खडकवासलाही फोडलं आणि मुठा पेठांमध्ये शिरली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. नारायण पेठेतलं त्यांचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. घरातून निघताना तिच्या आजीनं देव आणि लोणच्याची बरणी एवढंच घेतलं, ही गोष्ट आम्ही शेकडो वेळा ऐकली आहे. पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ मात्र ती क्वचितच सांगते. हाताचा पंजा डोक्याच्याही वर धरते आणि विषय बदलते. त्या दिवशीही तिनं हात वर केला, मेट्रोच्या पायऱ्या नजरेनं मोजल्या आणि म्हणाली, "आणखी चार हव्या होत्या. पण बरं आहे."

आईकडून 'बरं आहे' मिळायला माझ्या लग्नातल्या आचाऱ्याला दोन दिवस लागले होते.

सरकत्या जिन्याला तिनं साफ नकार दिला. पातळ अडकतं म्हणाली. मग लिफ्ट. खरं सांगायचं तर लिफ्टनं उतरणं हा असं स्टेशन बघण्याचा सर्वांत वाईट मार्ग. एका पेटीत शिरायचं, दुसरीकडे बाहेर पडायचं, मधलं सगळं चुकतं. जिन्यानं उतरलं की कळतं जमिनीखाली एक अख्खी इमारत उलटी टांगलेली आहे. रस्ता म्हणजे तिची गच्ची. त्याखाली तिकिटांचा मजला, तिथेच ती फाटकं, जिथे कार्ड टेकवलं की पंख मिटल्यासारखी दारं बाजूला होतात. त्याच्याही खाली फलाट. आणि या तिन्हींच्या आजूबाजूला, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या खोल्या: विजेच्या, पंप्सच्या, सिग्नलच्या, आणि हवेच्या. मेट्रोत काम करणारा माझा एक भाचा म्हणतो, "मावशी, तुम्हाला दिसतं ते अर्धंच. उरलेलं अर्धं स्टेशन त्या 'प्रवेश निषिद्ध'च्या दारांमागे असतं."

त्याच्याचकडून मला उकरणं आणि कोरणं यांतला फरक कळला. स्टेशन उकरतात. म्हणजे आधी चारी बाजूंनी जमिनीत खोल आधाराच्या भिंती उतरवायच्या, मग मधली माती आणि खडक काढत खाली जायचं, आणि शेवटी वरून झाकायचं. त्यासाठी वरची जागा मोकळी लागते. कसबा पेठेसारख्या दाटीच्या भागात ती जागा म्हणजे कुणाची तरी घरं होती, ती हलवावी लागली. बोगदा मात्र कोरतात. वर वाडा असो की देऊळ, खालून यंत्र आपलं गोल तोंड फिरवत काळा कातळ खात पुढे जातं आणि मागे सिमेंटच्या कड्या बसवत येतं. पुण्यातल्या या यंत्रांना नावं दिली होती मुठा, मुळा आणि पवना. नद्यांची नावं यंत्रांना देऊन त्यांना नदीखालून पाठवायचं, ही कल्पना ज्याला सुचली तो पेठेतलाच असावा असा माझा संशय आहे.

म्हणूनच स्टेशनं चौकोनी असतात आणि बोगदे गोल. फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की तो सांधा दिसतो. लख्ख उजेडाची चौकोनी खोली अचानक संपते आणि काळं गोल तोंड सुरू होतं. लहान मुलं नेमकी तिथेच जाऊन बघतात, आणि रखवालदार तिथेच शिट्टी मारतो.

खालच्या मजल्यावर आईनं जमिनीकडे बोट दाखवलं. "ही रांगोळी कसली?"

जमिनीतून जाणारी पिवळ्या फरशांची पट्टी. मी कितीदा तिच्यावर चाक अडकवून बॅग ओढली असेल. काही फरशांवर लांब उंचवटे आहेत, काहींवर गोल ठिपके. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब: इथे वळण आहे, जिना आहे किंवा फलाटाची कड आहे. आईनं चप्पल काढली आणि अनवाणी पायानं ठिपके चाचपून पाहिले. मी आजूबाजूला पाहिलं, पण कोणाचंच लक्ष नव्हतं. "लागतं की पायाला," ती म्हणाली, आणि एका ठिपक्याच्या फरशीवर उभी राहून तिनं खरंच थांबून दाखवलं.

मला या खालच्या जगात एक अडचण कायम येते, ती दिशेची. पेठेतला माणूस दिशा ओळखतो ती मारुतीवरून. जिलब्या मारुतीपासून डावीकडे, डुल्या मारुतीच्या अलीकडे, सोट्या म्हसोबाच्या मागे. जमिनीखाली एकही मारुती नाही. ऊन नाही, उतार नाही, वास नाहीत. मंडईजवळच्या गल्ल्या मी डोळे मिटून ओळखीन, कारण एकीत मसाला आहे, एकीत फुलं आणि एकीत कोंबड्यांची खुराडी. खाली सगळीकडे एकच वास: नवी फरशी आणि थंड हवा. मग उरतं काय, तर फलक. दुसऱ्या एका शहरात, नाव घेत नाही, मी एकदा चुकीच्या दारातून बाहेर आले आणि रुंद रस्त्याच्या पलीकडे, मधल्या लोखंडी कठड्याआड, मला न्यायला आलेली मैत्रीण दिसत होती. आम्ही एकमेकींना हात केला. भेटायला वीस मिनिटं लागली. तेव्हापासून मी स्टेशन चांगलं की वाईट हे भिंतीवरच्या चित्रांवरून ठरवत नाही. खाली उतरल्यावर पहिल्या दहा पावलांत मला वर कुठे निघायचंय हे कळलं की ते स्टेशन चांगलं.

चित्रांवरून आठवलं. हल्ली प्रत्येक स्टेशनला काहीतरी 'थीम' लागते. शिवाजीनगरला किल्ल्याचं रूप दिलंय. लोक फोटो काढतात, मुलांना आवडतं, ठीक आहे. पण मला वाटतं, ज्या कातळात हे सगळं कोरलं, तो काळा बेसाल्ट एखाद्या भिंतीला काचेमागे तसाच उघडा ठेवायला हवा होता. सह्याद्रीतले किल्ले त्याच दगडावर उभे आहेत. बुरूज रंगवण्यापेक्षा तो खरा.

फलाटावर आई बाकाच्या शोधात होती. भुयारी फलाटांवर बाकं कुठेही कमीच असतात. यामागेही हिशेब आहे, तो भाच्यानं सांगितला तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आग किंवा धूर झाला तर फलाट ४ मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि माणसं ६ मिनिटांत सुरक्षित ठिकाणी पोचली पाहिजेत, असा निकष जगभरच्या मेट्रो वापरतात. जिने किती, ते किती रुंद, फलाटावर मधे काय ठेवायचं आणि काय नाही, हे सगळं त्यातून निघतं. म्हणजे आपल्याला जो जिना उगाच एवढा ऐसपैस वाटतो, तो रोजच्या गर्दीसाठी नसतोच. तो एका अशा दिवसासाठी बांधलेला असतो जो येऊ नये म्हणून बाकी सगळी यंत्रणा आहे. हे आईला सांगायचं नाही, एवढी अक्कल मला होती.

पण तिचा खरा प्रश्न त्याच्या आसपासचाच निघाला. ती एका बाकाच्या कडेला टेकली, एक दीर्घ श्वास घेतला, जणू चव बघते आहे, आणि म्हणाली, "इथे श्वास कुठून येतो?"

आता या प्रश्नाची मी वाटच बघत होते. कारण याचं उत्तर तिच्याच घराशेजारी आहे.

आमच्या घरापासून बदामी हौद चालत काही मिनिटांवर. पुण्यात असे किती हौद: बदामी, काळा, फडके. आजच्या मुलांना ही चौकांची आणि बसथांब्यांची नावं वाटतात. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं आणि पेठांमधल्या हौदांत सोडलं. ज्यातून आणलं त्याला नळ म्हणायचे, पण तो आपल्या मनातला नळ नव्हे. माणूस आत शिरू शकेल असा तो चांगला बांधीव, दगडी बोगदा. पंप नाही, काही नाही, निव्वळ उतारावर पाणी चालत यायचं. आणि वाटेत ठरावीक अंतरांवर वर उघडणाऱ्या विहिरीसारख्या उभ्या जागा ठेवलेल्या. त्यांतून आत कोंडलेली हवा बाहेर पडायची, माणसाला उतरून गाळ काढता यायचा. त्यांना म्हणायचे उच्छ्वास.

मला हा शब्द फार आवडतो. इंजिनियरच्या भाषेत 'व्हेंटिलेशन शाफ्ट' म्हटलं की पत्र्याचा नळकांडा डोळ्यांपुढे येतो. उच्छ्वास म्हटलं की कळतं, खाली काहीतरी जिवंत आहे.

मेट्रोलाही उच्छ्वास आहेत. रस्त्याकडेला जाळ्यांचे जे चौकोनी ठोकळे दिसतात, ज्यांच्यावर लोक क्लासच्या जाहिराती चिकटवतात, ते तेच. त्यांच्याखाली, स्टेशनच्या दोन्ही टोकांना, माणसापेक्षा मोठे पंखे असतात. एरवी बोगद्यात साठणारी उष्णता बाहेर टाकायची, कारण गाड्या, दिवे आणि आपली शरीरं, सगळीच तापतात. आणि कधी धूर झालाच तर तो ठरवलेल्या बाजूला ओढायचा, म्हणजे माणसांना विरुद्ध बाजूनं, स्वच्छ हवेकडे तोंड करून चालता येईल. जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनला १८६३मध्ये सुरू झाली ती चक्क वाफेच्या इंजिनांवर. तिथे श्वासाचा प्रश्न किती बिकट असेल बघा. वाफ सोडायला मधेमधे आकाश उघडं ठेवावं लागायचं. लेन्स्टर गार्डन्स नावाच्या एका उच्चभ्रू रस्त्यावर अशी एक खाच आली, तेव्हा घरांची रांग तुटलेली दिसू नये म्हणून तिथे दोन घरांचे नुसते दर्शनी भाग बांधले. दारं आहेत, खिडक्या आहेत, मागे घर नाही. ते अजून उभे आहेत. उच्छ्वास लपवायला इंग्रजांनी नाटकाचा पडदा टांगला. आपण क्लासच्या जाहिराती लावतो.

आईला मी लंडनचं सांगितलं नाही. उच्छ्वासाचं सांगितलं. ती म्हणाली, "हे तुझ्या आजोबांना माहीत होतं," आणि गप्प झाली. माहीत असेलही.

तेवढ्यात वारा आला.

आधी फक्त तिच्या कपाळावरची बट हलली. मग पदर. मग समोरच्या मुलीच्या हातातला कागद फडफडला. बोगद्याच्या तोंडात अजून अंधारच होता, आवाजही नव्हता. आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आली."

हा वारा पंख्यांचा नसतो, गाडीचा असतो. बोगदा अरुंद, गाडी जवळजवळ त्याच मापाची. सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी ती समोरची हवा ढकलत येते. गाडी दिसायच्या आधी तिची हवा फलाटावर पोचते. मुंबईच्या भुयारी मेट्रोत फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे, तिची दारं गाडीच्या दारांबरोबरच उघडतात. सुरक्षेला ते उत्तम, थंडावाही वाया जात नाही. पण हा वारा तिथे काचेपलीकडेच राहतो. मी मुंबईत दोनदा त्या गाडीनं गेले आणि दोन्हीदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते मला आईनं 'आली' म्हटल्यावर कळलं.

कसबा पेठ गेलं. दारं मिटल्यावर मी तिला सांगून बसले, "आता आपण मुठेखालून जातोय."

"पानशेतच्या मुठेखालून?"

"मुठा एकच आहे, आई."

तिनं माझं मनगट धरलं ते पुढचं स्टेशन येईपर्यंत सोडलं नाही. सांगायला नको होतं.

आता सिव्हिल कोर्ट. या जागी पूर्वी सरकारी धान्याची गोदामं होती. स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, म्हणजे एखादी दहा मजली इमारत पुरून टाकावी एवढं खोल. देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्टेशनांपैकी एक. वर, थेट डोक्यावर, वनाज ते रामवाडी मार्गाचं उंचावरचं स्टेशन. खालून येणाऱ्यानं वरची गाडी पकडायची असेल तर एवढी सगळी उंची चढायची. हे वाचलं होतं तेव्हा मला वाटलं होतं, ही एक विहीर असणार, आणि आईला तिथे उतरवणं हा अघोरीपणा ठरेल.

दार उघडलं. आई फलाटावर उतरली आणि तिनं वर पाहिलं.

तिथे उजेड आहे. दिव्यांचा नव्हे, दिवसाचा. छताला वर उघडी जागा ठेवून मजल्यांच्या मधून तो खाली येऊ दिलाय आणि तो थेट फलाटापर्यंत पोचतो. दिव्यांच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे सारखे दिसतात, थोडे आजारी. इथे माणसं माणसांसारखी दिसत होती. सकाळचे साडेदहा झाले असतील. वरच्या भिंतीवर उन्हाचा एक तिरपा तुकडा पडला होता, आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते.

"अगं, हा तर चौक," आई म्हणाली.

ज्यांनी वाडा पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाहेरून वाडा म्हणजे जाड भिंती, एक दिंडी दरवाजा आणि आत अंधाराचा बोळ. त्या बोळातून गेलं की अचानक आभाळ. चारी बाजूंनी सोपे, माड्या, आणि मधे वरून पडणारा उजेड. आमच्या शुक्रवारातल्या जुन्या वाड्यात घड्याळ होतं, पण आईनं ते कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. ऊन चौकाच्या दुसऱ्या पायरीवर आलं की भात टाकायचा, तुळशीपाशी आलं की आम्ही शाळेतून यायचो, पलीकडच्या खांबावर चढलं की चहा. वाडा पाडून इमारत झाली, त्याला आता बावीस वर्षं झाली. फ्लॅटमध्ये दिवसभर सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले असतात आणि वेळ विचारायला तिला भिंतीकडे बघावं लागतं.

जमिनीखाली दहा मजले जाऊन तिला तिचा चौक सापडेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

वर जायला पुन्हा लिफ्टकडे वळले तर ती म्हणाली, थांब, आणि सरकत्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. पातळाच्या निऱ्या डाव्या मुठीत गच्च धरल्या. पहिली पायरी सुटली, दुसरी सुटली, मागे तीन कॉलेजची मुलं काही न बोलता थांबून राहिली. तिसऱ्या पायरीवर तिनं पाय ठेवला. अख्खा जिनाभर ती वर बघत होती, त्या उन्हाच्या तुकड्याकडे. दुसऱ्या जिन्याशी तिनं माझा हातसुद्धा घेतला नाही.

वकिलांकडे अर्ध्या तासात उरकलं. म्हणजे उरकलं नाही. एका प्रतिज्ञापत्रावर धाकट्या काकांची सही हवी होती, काका साताऱ्याला. पुढच्या बुधवारी या, म्हणाले. एरवी आईनं यावर रिक्षा मिळेपर्यंत कुरकुर केली असती. त्या दिवशी ती पायऱ्या उतरताना फक्त एवढंच म्हणाली, "बुधवारी बाराला येऊ. तोवर ऊन खालपर्यंत आलेलं असेल."